शर्यतीच्या इतिहासातील चमत्कारिक गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यतीची एखादी गाडी 'चमत्कारिक' कशामुळे ठरते?

एका काळातल्या बहुतेक गाड्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसतात आणि जी त्या साच्यात बसत नाही तिला प्रेक्षक चमत्कारिक म्हणतात. हा शिक्का कायमचा नसतो. १९५८ साली अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉसने चालकाच्या मागे इंजिन असलेली छोटी कूपर गाडी जिंकून आणली, तेव्हा मैदानातल्या बाकी सर्व गाड्यांची इंजिने पुढे होती. १९५९ आणि १९६० अशी दोन्ही वर्षे जॅक ब्रॅबम कूपर घेऊन जगज्जेता झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात पुढे इंजिन असलेली गाडीच विचित्र दिसू लागली. म्हणून पुढील उत्तरांत 'चमत्कारिक' हा शब्द निंदा म्हणून वापरलेला नाही. ज्या गाडीच्या रचनाकाराने रूढ उत्तर नाकारून प्रश्नच नव्याने मांडला, अशा गाडीला तो लावला आहे.

रचनाकार असा धोका पत्करतातच कशाला?

बहुतेक वेळा रूढ मार्ग त्यांच्यासाठी बंद झालेला असतो. इंजिन सर्वांना सारखेच मिळते, टायर एकाच कंपनीचे असतात, किंवा आपले इंजिन इतके रुंद असते की प्रतिस्पर्ध्याची युक्ती आपल्या गाडीत मावत नाही. अशा वेळी नियमपुस्तिकेत जे लिहिलेले नाही तिथे जागा शोधावी लागते. गाड्यांचे बाह्यरूप पाहून हसण्याआधी त्या वर्षीचा नियम आणि त्या संघाची अडचण समजून घेतली, तर यांतील जवळपास प्रत्येक आकार तर्कशुद्ध वाटू लागतो.

सहा चाकांची टायरेल खरोखर शर्यतीत धावली होती का, आणि सहा चाके कशासाठी?

धावली होती, आणि जिंकलीही होती. टायरेल पी३४ ही डेरेक गार्डनर यांची रचना १९७५च्या सप्टेंबरमध्ये पत्रकारांसमोर आली, तेव्हा अनेकांना तो प्रसिद्धीचा डाव वाटला. त्यामागचा हिशेब मात्र साधा होता. त्या काळी फॉर्म्युला वनमधील बहुतेक ब्रिटिश संघ कॉसवर्थचे एकच इंजिन वापरत, त्यामुळे ताकदीत कोणी कोणाच्या पुढे जाऊ शकत नव्हते. फायदा मिळवायचा तर तो हवेच्या विरोधात कपात करूनच मिळणार होता. गाडीचे नाक जास्तीत जास्त दीड मीटर रुंद ठेवता येत असे, पण पुढची मोठी चाके त्या रुंदीच्या बाहेर डोकावत आणि समोरून येणारी हवा त्यांच्यावर आदळून गाडीचे पुढचे टोक उचलू पाहत असे. गार्डनर यांनी पुढची चाके अवघी १० इंचांची केली आणि ती नाकाच्या आडोशाला बसवली. इतक्या लहान टायरांचा रस्त्याशी स्पर्श पुरेसा होत नाही, म्हणून प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन चाके आली. चारही पुढची चाके वळत असत, आणि चालकाला ती दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूंना छोट्या खिडक्या ठेवल्या होत्या.

१९७६च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये ही गाडी प्रथम उतरली आणि त्याच वर्षी स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे जोडी शेक्टर पहिला व पॅट्रिक देपाये दुसरा आला. मोसमाअखेर हे दोघे चालकांच्या यादीत अनुक्रमे तिसरे व चौथे होते. गंमत अशी की हवेचा विरोध कमी करण्याचा मूळ हेतू अर्धाच साधला, कारण मागची चाके पूर्वीइतकीच मोठी राहिली होती आणि गाडीची एकंदर रुंदी तीच ठरवत होती. खरा लाभ झाला तो ब्रेक लावताना आणि वळणात शिरताना, कारण पुढे चार टायर रस्ता धरून असत.

मग ही रचना टिकली का नाही, याचे उत्तर टायरमध्ये आहे. १० इंची टायर जगात फक्त याच एका संघाला लागत होते. गुडइयर कंपनी बाकी सर्वांसाठी मोठे टायर सतत सुधारत राहिली आणि एका संघापुरत्या छोट्या टायरांचे संशोधन मागे पडले. १९७७ मध्ये मागचे टायर पुढे गेले व पुढचे जुनेच राहिले, असा तोल बिघडला, गाडी जडही झाली, आणि रॉनी पीटरसनसारख्या अत्यंत वेगवान चालकालाही तिच्यातून काही काढता आले नाही. कल्पना चुकीची होती म्हणून गाडी हरली असे जे सर्रास लिहिले जाते, ते मला मान्य नाही. पुरवठादाराच्या हिशेबात एक ग्राहक कमी पडला, एवढेच तिचे अपयश आहे.

सहा चाकांचा प्रयोग आणखी कोणी केला का?

टायरेलच्या आधीही केला होता. १९४८च्या अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पॅट क्लॅन्सी यांची सहा चाकी गाडी बिली डेव्होर याने चालवली आणि ती १२व्या क्रमांकावर आली. तिची जादा चाके मागे होती. टायरेलनंतर मार्च संघाने २-४-० नावाची गाडी बांधली. तिच्यात पुढे दोन आणि मागे एकामागोमाग एक अशी चार चाके होती, व चारही मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरत. हे अधिक शहाणपणाचे होते, कारण मागचे अवाढव्य टायर काढून सगळीकडे पुढच्याच मापाचे टायर लावता येत आणि पुरवठादाराकडे वेगळे काही मागावे लागत नसे. ती ग्रां प्रीमध्ये उतरली नाही, मात्र पुढे डोंगरचढणीच्या शर्यतींत वापरली गेली. विल्यम्स संघाने १९८२ मध्ये एफडब्ल्यू०८बी ही गाडी याच धर्तीवर तयार केली. अरुंद मागच्या चाकांमुळे तिच्या तळाखालचे हवेचे बोगदे लांबवता आले आणि चाचण्यांत तिने आशा दाखवली. पण १९८३च्या नियमांत गाडीला चारच चाके असावीत आणि त्यांपैकी दोनच इंजिनाने फिरवावीत असे स्पष्ट लिहिले गेले. तो नियम आजही आहे.

'पंख्याची गाडी' म्हणजे कोणती?

या नावाने दोन गाड्या ओळखल्या जातात आणि त्या वारंवार एकमेकींत मिसळल्या जातात, म्हणून दोन्हींविषयी सविस्तर सांगणे योग्य होईल.

पहिली अमेरिकेतील शापराल २जे. टेक्सासमधील जिम हॉल यांनी ती १९७० मध्ये कॅन-अॅम या अमेरिका-कॅनडातील शर्यतमालिकेसाठी बांधली. त्याआधी त्यांनी शर्यतगाडीवर उंच खांबांवरचा पंख बसवून दाखवला होता, पण पंखाला एक मर्यादा असते: त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे संथ वळणात जिथे पकड सर्वांत जास्त हवी असते तिथेच तो निकामी ठरतो. हॉल यांनी गाडीच्या मागे दोन मोठे पंखे लावले आणि ते फिरवण्यासाठी बर्फावरच्या स्नोमोबाइलचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन वेगळे बसवले. गाडीच्या कडेने लेक्सान प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे स्कर्ट, लावले. ते दोऱ्या व कप्प्यांच्या योजनेने सस्पेन्शनला, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या रचनेला, जोडलेले असल्यामुळे रस्त्यापासून त्यांचे अंतर जवळजवळ कायम राही. पंखे तळाखालची हवा उपसून काढत आणि गाडी रस्त्याला चिकटून बसे. पंख्यांचे इंजिन स्वतंत्र असल्यामुळे गाडी उभी असली तरी हा दाब तसाच राहत असे. यातच या रचनेचे मर्म आहे.

वॉटकिन्स ग्लेन येथे जॅकी स्ट्युअर्टने ती प्रथम चालवली आणि सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. पुढे विक एल्फर्डने रोड अटलांटा, लगुना सेका आणि रिव्हरसाइड या तिन्ही ठिकाणी पात्रता फेरीत पहिला क्रमांक पटकावला. तरीही ती एकही शर्यत जिंकली नाही, कारण दोन इंजिने, पंखे आणि सरकते स्कर्ट एवढा पसारा अखेरपर्यंत धड राहत नसे. १९७०चा मोसम संपताच ती बंदीत गेली.

दुसरी गाडी ब्रॅबम बीटी४६बी, गॉर्डन मरे यांची, १९७८ सालची. त्या वर्षी लोटस ७९ने तळाखालच्या बोगद्यांतून हवा वेगाने वाहू देऊन निर्वात खेच निर्माण करण्याचे तंत्र, म्हणजे ग्राउंड इफेक्ट, पूर्णत्वाला नेले होते. ब्रॅबमकडे अल्फा रोमिओचे १२ सिलिंडरांचे आडवे, पसरट इंजिन होते. बोगद्यांची जागा नेमकी त्या इंजिनाने अडवलेली, त्यामुळे लोटसची नक्कल करणे अशक्य. मरे यांनी गाडीच्या मागे एक मोठा पंखा बसवला, तो गिअरबॉक्सवरून फिरवला, आणि इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवला. चलनशील वायुगतिकीय साधनांना नियमाने मनाई होती, पण या पंख्याचे प्रमुख काम इंजिन थंड करणे हे आहे असा दावा त्यांनी केला, आणि बरीचशी हवा रेडिएटरमधून जात असल्यामुळे तो दावा खोडणे कठीण होते. शापरालच्या उलट इथला पंखा इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला होता. उभ्या गाडीत चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ती सर्वांच्या डोळ्यांदेखत खाली बसे, आणि तेवढ्यावरून प्रतिस्पर्ध्यांना जे कळायचे ते कळले.

१७ जून १९७८ रोजी अँडरस्टॉर्पलाच निकी लाउडाने ही गाडी घेऊन अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने विजय मिळवला. तो विजय कायम राहिला, मात्र गाडी पुन्हा ग्रां प्रीमध्ये दिसली नाही. संघाचे मालक बर्नी एक्लेस्टन हे त्याच सुमारास सर्व ब्रिटिश संघांच्या संघटनेचे नेतृत्व करत होते, आणि एका गाडीपायी ती एकजूट मोडू देणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी गाडी मागे घेतली व त्यानंतर पंख्यांवर बंदी आली.

मग ही फसवणूक नव्हती का?

माझ्या मते नव्हती. नियम मोडणे आणि नियमाच्या शब्दांत राहून त्याच्या हेतूला वळसा घालणे यांत फरक आहे, आणि शर्यतीच्या तंत्रज्ञानाची अर्धी प्रगती या दुसऱ्या प्रकारातूनच झाली आहे. बीटी४६बी तपासणीला सामोरी गेली, उघड्यावर धावली आणि तिचा निकाल ग्राह्य धरला गेला. मागून येणाऱ्या चालकांवर पंख्यातून खडे उडतात, ही तक्रार त्या वेळी मोठ्याने झाली. ती गांभीर्याने घेण्यासारखी होती, पण तिच्यामागे स्पर्धेत मागे पडण्याची भीतीही होती, हेही मान्य केले पाहिजे.

लोटस ८८ कधीच शर्यतीत का उतरली नाही?

या सगळ्या गाड्यांत मला हिच्याविषयी सर्वांत जास्त हळहळ वाटते. ग्राउंड इफेक्टच्या गाड्यांचा दाब तळ आणि रस्ता यांतील अंतरावर अवलंबून असतो. अंतर थोडे बदलले तरी दाब कमीजास्त होतो. म्हणून संघांनी सस्पेन्शन इतके ताठ केले की ते असून नसल्यासारखे झाले, आणि त्याचे हादरे चालकाच्या मणक्याला व मानेला बसू लागले. १९८१ मध्ये सरकत्या स्कर्टवर बंदी आली आणि गाडी जमिनीपासून किमान ६ सेंटिमीटर उंच असावी असा नियम झाला, तेव्हा ही अडचण आणखी वाढली.

लोटसचे प्रमुख कॉलिन चॅपमन यांनी गाडीचे दोन भाग केले. आतल्या चॅसीमध्ये, म्हणजे सांगाड्यात, चालक, इंधन आणि इंजिन, आणि तिला मऊ सस्पेन्शन. बाहेरच्या चॅसीमध्ये बॉडी, पंख आणि बोगदे, आणि ती ताठ स्प्रिंगांवर जवळजवळ थेट चाकांच्या आधाराला टेकलेली. हवेचा दाब बाहेरची चॅसी झेलून टायरांपर्यंत पोहोचवणार आणि आतल्या चालकाला रस्त्याचे धक्के सुसह्य होणार, अशी ही विभागणी होती. आतली चॅसी कार्बन फायबर व केव्हलारची होती, तीही मॅक्लारेनने ज्या वर्षी कार्बन फायबरची गाडी प्रथम शर्यतीत आणली त्याच वर्षी. लाँग बीच येथे ती सरावाला उतरली आणि प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारीवरून काळा झेंडा दाखवून बाहेर काढली गेली. बाहेरची चॅसी म्हणजे गाडीचे हलणारे वायुगतिकीय साधनच होय, असा आक्षेप होता. चॅपमन यांनी त्या मोसमात पुन्हापुन्हा दाद मागितली, सुधारित आवृत्तीही आणली, पण निकाल बदलला नाही.

त्याच मोसमात गॉर्डन मरे यांच्या ब्रॅबम बीटी४९सीने वेगळी वाट शोधली होती. तिचे सस्पेन्शन धावताना हवेच्या दाबाने खाली बसे आणि थांबल्यावर पुन्हा वर येई. उंचीची मोजणी गाडी उभी असतानाच होत असल्यामुळे ती ६ सेंटिमीटरच्या कसोटीला उतरली आणि तिला परवानगी मिळाली. नियमाचा हेतू पाहिला तर ब्रॅबमने तो अधिक उघडपणे चुकवला होता. चालकाच्या शरीराचा विचार करणारी लोटस मात्र घरी बसली.

जेट विमानासारख्या टर्बाइन इंजिनाच्या गाड्या यशस्वी झाल्या का?

विजयाच्या दारापर्यंत दोनदा पोहोचल्या. अँडी ग्रॅनाटेली यांनी १९६७च्या इंडियानापोलिस ५०० साठी आणलेल्या गाडीत टर्बाइन चालकाच्या मागे किंवा पुढे नसून त्याच्या डाव्या कुशीला होते आणि चारही चाके त्यावर फिरत. पार्नेली जोन्सने २०० पैकी १७१ फेऱ्यांत आघाडी राखली, आणि केवळ तीन फेऱ्या उरल्या असताना ट्रान्समिशनमधील एक बेअरिंग तुटले. ए. जे. फॉइट जिंकला. आयोजकांनी लगेच टर्बाइनला हवा घेण्याची परवानगी असलेले क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस इंचांवरून सुमारे १६ वर आणले.

तरीही १९६८ मध्ये चॅपमन पाचरीच्या आकाराची लोटस ५६ घेऊन आले. सरावात माइक स्पेन्सचा मृत्यू झाला, आणि त्या सावटाखाली संघ शर्यतीत उतरला. जो लिओनार्डने पात्रता फेरीत पहिला क्रमांक मिळवला व शर्यतीत शेवटच्या १० फेऱ्यांपर्यंत तो आघाडीवरही होता. मग इंधनपंपाचा दांडा तुटला. पुढील निर्बंधांनी टर्बाइनचा मार्ग बंदच केला.

टर्बाइनला क्लच व गिअर बदलण्याची गरज नसते, त्याची कंपने नगण्य असतात आणि त्याचा आवाज इतका हलका असे की प्रेक्षकांना गाडी जवळ आल्याचे पटकन कळत नसे. उणीव अशी की ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर ताकद क्षणभर उशिरा येते आणि पाय काढल्यावर इंजिन गाडीला रोखून धरत नाही. मोठ्या अंडाकृती मार्गावर हे चालून जाते, पण फॉर्म्युला वनच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर चालकाला ब्रेक लावतानाच ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागे. १९७१ मध्ये लोटस ५६बी फॉर्म्युला वनमध्ये आली आणि मोंझा येथे एमर्सन फिटिपाल्डी तिच्यासह ८वा आला. त्यापुढे ती गेली नाही. फ्रान्समधील ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत रोव्हर-बीआरएमची टर्बाइन गाडी त्याआधीच धावली होती. १९६५ मध्ये ग्रॅहम हिल आणि जॅकी स्ट्युअर्ट यांनी ती १०व्या क्रमांकावर आणली.

डिझेलवरची गाडी इंडियानापोलिसला सर्वांत पुढे उभी राहिली होती, हे खरे आहे का?

खरे आहे. १९५२ मध्ये कमिन्सच्या डिझेल गाडीने फ्रेड अगाबेशियनच्या हाती पात्रता फेरीत पहिला क्रमांक मिळवला. इंजिन जवळजवळ आडवे झोपवल्यामुळे गाडी बुटकी झाली होती आणि त्याला टर्बोचार्जर जोडलेला होता. मात्र टर्बोचे हवा घेण्याचे तोंड जमिनीलगत होते. टायरांच्या झिजलेल्या रबराचा कचरा त्यात अडकत गेला आणि ७१व्या फेरीत गाडी थांबली.

अशा गाड्या दुसऱ्या महायुद्धापूर्वी होत्या का?

होत्या, आणि काही तर आजही भविष्यातल्या वाटाव्यात अशा. १९२३च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये, तूर येथे, बुगाटीने टाइप ३२ आणली. तिची बॉडी बाजूने पाहिल्यास विमानाच्या पंखाच्या छेदासारखी दिसते, आणि या आकारामुळे तिला 'टँक' हे नाव पडले. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर, अवघा दोन मीटरांचा असल्यामुळे गाडी अस्थिर होती, तरी अर्नेस्ट फ्रिदरिख तिसरा आला. त्याच शर्यतीत विमाने बांधणाऱ्या गाब्रिएल व्ह्वाझँ यांची 'लाबोरातोआर' गाडी होती. तिच्या नाकावर एक छोटा पंखा होता, तो समोरच्या वाऱ्याने फिरून पाण्याचा पंप चालवत असे, आणि तिची मागची दोन चाके पुढच्या दोन चाकांपेक्षा एकमेकांच्या खूपच जवळ होती. तिच्यावर काम करणारे अभियंते आंद्रे लफेव्र यांनी स्वतः एक गाडी चालवून ५वा क्रमांक मिळवला. हेच लफेव्र पुढे सिट्रोएनमध्ये गेले आणि त्यांच्या हातून १९५५ सालची डीएस ही मोटार आकाराला आली. तिचीही मागची चाके पुढच्यांपेक्षा जवळ आहेत. शर्यतीत ५व्या आलेल्या गाडीची कल्पना तीन दशकांनी रस्त्यावर आली, हा धागा मला विजेत्यांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

१९३५ची अल्फा रोमिओ बिमोतोरेही इथे सांगितली पाहिजे. एन्झो फेरारी यांच्या संघाने तिच्यात एक इंजिन पुढे आणि एक मागे बसवले. सरळ रस्त्यावर तिचा वेग अफाट होता, पण त्या ताकदीपुढे टायर टिकत नसत आणि ते बदलण्यात मिळवलेला वेळ जाई.

चालक गाडीच्या एका बाजूला लटकल्यासारखा बसलेली गाडी कोणती?

अशा दोन गाड्या प्रसिद्ध आहेत. १९५५च्या ल मांमधील इटालियन नार्डी बिसिलुरो ही दोन पाणतीर शेजारी ठेवून मधून जोडल्यासारखी दिसे. उजव्या पाणतीरात चालक, डाव्यात ७३५ सीसीचे इंजिन, आणि मधल्या सपाट भागात हवेला जाण्यासाठी वाट. वास्तुरचनाकार कार्लो मोलिनो यांचा तिच्या रचनेत हात होता. ती इतकी हलकी होती की शेजारून गेलेल्या वेगवान गाडीच्या हवेच्या झोताने ती रस्त्याबाहेर गेली असे सांगतात. आज ती मिलानच्या विज्ञान व तंत्रज्ञान संग्रहालयात आहे.

दुसरी स्मोकी युनिक यांची १९६४ची इंडियानापोलिसची गाडी. अंडाकृती मार्गावर सगळी वळणे डावीकडे असल्यामुळे त्यांनी चालकाची कुपी मुख्य गाडीच्या बाहेर डाव्या अंगाला, मोटारसायकलच्या साइडकारसारखी जोडली. बॉबी जॉन्सचा पात्रतेच्या प्रयत्नात अपघात झाला आणि ती शर्यतीत उतरलीच नाही.

डेल्टाविंग एवढी अरुंद असून वळत कशी होती?

पुढचे टायर फक्त सुमारे १० सेंटिमीटर रुंद आणि एकमेकांच्या अगदी जवळ, हे पाहून ती पहिल्याच वळणावर उलटेल असे अनेकांना वाटले. पण बेन बोल्बी यांच्या या रचनेत वजनाचा बराच मोठा वाटा मागच्या चाकांवर होता. पुढच्या चाकांवर भारच थोडा असल्यामुळे गाडीचे तोंड वळवायला तेवढे टायर पुरत. उद्देश असा की निम्म्या वजनात, निम्म्या ताकदीत आणि निम्म्या इंधनात मोठ्या गाड्यांच्या जवळपास वेग गाठावा. तिच्यात निसानचे १.६ लिटरचे इंजिन होते.

२०१२च्या ल मांमध्ये नव्या तंत्रज्ञानासाठी राखून ठेवलेल्या ५६व्या जागेवर ती उतरली. एका टोयोटाच्या धडकेने ती भिंतीवर आदळली. नियमाप्रमाणे मार्गावर बंद पडलेल्या गाडीला चालकाशिवाय कोणी हात लावू शकत नाही, म्हणून सातोशी मोतोयामा कुंपणापलीकडून सहकाऱ्यांच्या सूचना ऐकत दीर्घकाळ एकट्याने दुरुस्तीचा प्रयत्न करत राहिला. गाडी हलली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील पेतित ल मांमध्ये ती एकंदर ५वी आली आणि कल्पना टिकाऊ आहे हे सिद्ध झाले.

मग त्याच रचनाकाराची निसान जीटी-आर एलएम इतकी का फसली?

कारण तिचा अर्धा भाग चाललाच नाही. सर्व प्रतिस्पर्ध्यांचे इंजिन मागे असताना तिचे इंजिन पुढे आणि चालनाही पुढच्याच चाकांना, म्हणजे पुढचे टायर रुंद आणि मागचे अरुंद. यातून तळाखालून मागे हवा मोकळी वाहणार होती. पण हायब्रिड यंत्रणेतील साठवलेली ऊर्जा वापरण्याचा जो आधार रचनेत धरला होता, ती यंत्रणा २०१५च्या ल मांपर्यंत भरवशाची झाली नाही आणि तिच्याविना गाडी धावली. ऊर्जा परत घेताना जो वेग कमी व्हायचा तो भार साध्या ब्रेकवर पडला आणि ब्रेक त्यासाठी बनवलेले नव्हते. तीनपैकी एकच गाडी अखेरीस धावत होती, तीही पुरेशा फेऱ्यांअभावी क्रमवारीत धरली गेली नाही. वर्षअखेर प्रकल्प गुंडाळला. एक वर्ष चाचण्यांत घालवले असते तर निकाल वेगळा लागला असता का, हे सांगता येणार नाही. पण अपुऱ्या गाडीला जगासमोर उभे करण्याची घाई तिला भोवली, हे स्पष्ट आहे.

फॉर्म्युला वनमध्ये चारही चाकांना चालना का रुळली नाही?

१९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या गोल्ड कपमध्ये स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसन पी९९ जिंकून आणली, पण ती शर्यत विश्वविजेतेपदाची नव्हती. १९६९ मध्ये लोटस, मात्रा आणि मॅक्लारेन यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोवर पंख आणि रुंद टायरांनी पकडीचा प्रश्न कमी वजनात सोडवला होता.

२०१२ आणि २०१४ मधील फॉर्म्युला वन गाड्यांची नाके इतकी कुरूप का होती?

नियमाच्या आकड्यांमुळे. २०१२ मध्ये नाकाचे टोक बुटके हवे होते पण चालकाभोवतालची चॅसी उंच ठेवता येत होती, म्हणून बहुतेक गाड्यांच्या नाकावर पायरी आली. २०१४ मध्ये टोक आणखी खाली आणले गेले. तळाखाली हवा जास्तीत जास्त जावी म्हणून संघांनी टोकाला बोटासारखा सुळा काढून उरलेले नाक वरच ठेवले. लोटस ई२२ला असमान लांबीचे दोन सुळे होते. त्यांतला लांब सुळा तेवढा नियमाच्या दृष्टीने 'नाक' ठरत असे.

उंच शेपटीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांचे काय?

१९६९ची डॉज चार्जर डेटोना आणि १९७०ची प्लिमथ सुपरबर्ड या नॅसकार या अमेरिकी शर्यतमालिकेसाठी बनलेल्या, पण दुकानातही विकल्या गेलेल्या गाड्या, कारण ठरावीक संख्येने विक्री झाल्याशिवाय शर्यतीत परवानगी नव्हती. टोकदार नाक हवा कापे आणि मागचा उंच पंख छतामागच्या गढूळ हवेच्या वर, स्वच्छ प्रवाहात उभा असे. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगा येथे बडी बेकरने डेटोना गाडीतून ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची, मर्यादा ओलांडली. १९७१ पासून अशा गाड्यांना फक्त ३०५ घनइंचांचे इंजिन लावण्याची मुभा उरली आणि त्या मैदानातून नाहीशा झाल्या.

सामान वाहणारी स्टेशन वॅगन शर्यतीत धावली, ही दंतकथा आहे का?

नाही. १९९४च्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वो ८५० इस्टेट रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स यांनी चालवली. लांब छताला हवेच्या दृष्टीने अर्थ होता. पण १९९५ मध्ये नियमाने मागच्या पंखाला परवानगी दिल्यावर संघाने सेडान घेतली.

सर्वांत वाईट गाडी कोणती?

यादी करणारे बहुधा १९९० सालच्या लाइफ एफ१९०चे नाव घेतात. तिच्यात चार-चार सिलिंडरांच्या तीन रांगा असलेले डब्ल्यू-१२ इंजिन होते, आणि वर्षभरातील १४ प्रयत्नांत ती एकदाही पात्रतापूर्व फेरी पार करू शकली नाही. पैसा आणि माणसे अपुरी असलेल्या संघाच्या गाडीला हा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. बीआरएमकडे दोन्ही भरपूर असताना त्यांनी १९६६ मध्ये दोन आडवी आठ-सिलिंडर इंजिने एकावर एक रचून एच-१६ बनवले. ते जड व नाजूक होते आणि त्याने एकच ग्रां प्री जिंकली, तीही लोटसमध्ये बसलेल्या जिम क्लार्कच्या हाती, वॉटकिन्स ग्लेन येथे.

अशा प्रयोगांत चालकांचा जीव धोक्यात आला का?

आला, आणि ही बाजू झाकू नये. १९६८–६९ मध्ये फॉर्म्युला वन गाड्यांवर बारीक खांबांवर उंच पंख उभे राहिले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंतजुईक मार्गावर उंचवटा ओलांडताना ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे पंख कोसळले व दोघेही जवळपास त्याच जागी कठड्यावर आदळले. दोघे वाचले. पुढच्याच मोनॅको ग्रां प्रीच्या सरावादरम्यान उंच पंखांवर बंदी आली. ही बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण तिथे आक्षेप कल्पनेला नव्हता, भार न पेलणाऱ्या खांबांना होता.

आजच्या नियमांत अशी गाडी बनू शकते का?

फॉर्म्युला वनमध्ये फार थोडी जागा उरली आहे. टिकाऊपणाच्या शर्यतींत प्यूजोने २०२२ मध्ये ९एक्स८ ही मागचा पंखच नसलेली गाडी आणली. सगळा दाब तळाखालून मिळवण्याचा तो प्रयत्न होता आणि २०२३ मध्ये मोंझाला ती तिसरी आली, पण २०२४ मध्ये तिला अखेर पंख लावावा लागला.

स्पर्धेच्या नियमांबाहेर मात्र पंख्याची कल्पना परतली आहे. ब्रिटनमधील मॅकमर्ट्री स्पेअरलिंग ही एकाच माणसाला बसता येईल अशी विजेवर चालणारी गाडी तळाखालची हवा पंख्यांनी उपसते. २०२२ मध्ये मॅक्स चिल्टनने तिच्यातून इंग्लंडमधील गुडवुडच्या शर्यतीची चढण ३९.०८ सेकंदांत पार करून विक्रम केला. २०२५ मध्ये तिला एका फिरत्या फलाटावर चढवून फलाट पूर्ण उलटा केला गेला, आणि चालक आत बसलेला असताना ती केवळ पंख्यांच्या खेचेवर छताला चिकटल्यासारखी उलटी लटकून राहिली, तीही जागच्या जागी, वेगाचा काडीचाही आधार न घेता, म्हणजे जिम हॉल यांनी १९७० मध्ये जो गुणधर्म गाडीत आणला होता नेमक्या त्याच्याच बळावर.